जिभेमागची कात्री

मी पिंगळीचा. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि कविता मराठीत. कविसंमेलनात हमखास कुणीतरी विचारतं, ‘तुम्हाला इतकी मराठी कशी काय येते हो?’ आज बोलायचं आहे ते त्याच्याही आधीच्या प्रश्नावर. माणसाला बोलणंच मुळात कसं आलं?

जनुकातल्या मजकुराची आधी एक कच्ची नक्कल निघते. तिला आरएनए म्हणतात. तिच्यातले काही भाग कापून टाकतात, उरलेले जोडतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी हे १९७७ मध्ये दाखवलं. पण दरवेळी तेच तुकडे ठेवले जातात असं नाही. ‘कमळ’मधला म गाळला की ‘कळ’ उरते, क गाळला की ‘मळ’. एकाच जनुकातून अशी निरनिराळी प्रथिनं घडतात. मेंदूच्या पेशींत काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवणाऱ्यांपैकी एक प्रथिन म्हणजे नोव्हा-१.

त्याचा शोध लागला तो एका विचित्र आजारातून. कर्करोग झालेल्या काही रुग्णांचे डोळे आपोआप भिरभिरायचे, चालताना तोल जायचा. गाठीशी लढायला शरीराने जे सैन्य उभं केलं, ते मेंदूतल्या याच प्रथिनावर उलटलं होतं! अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात रॉबर्ट डार्नेल यांनी ते हुडकून काढलं.

या प्रथिनाच्या साखळीत १९७व्या जागी आपल्याकडे एक कडी वेगळी आहे. निअँडरथल माणसाकडे ती जुनीच होती. डार्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली कडी उंदरांत घातली. निष्कर्ष २०२५ मध्ये छापून आले. उंदीर चालायला-फिरायला होते तसेच राहिले, पण आईला हाक मारणाऱ्या पिल्लांचा आवाज बदलला, आणि मादीला साद घालणाऱ्या नरांचाही.

लगेच ‘भाषेचं जनुक सापडलं’ अशी हाकाटी झाली. ती मला पटत नाही. उंदीर काही ओवी म्हणायला लागले नाहीत. भाषा आई देते, गल्ली देते. एका कडीचं ते काम नव्हे.

मात्र ही नवी कडी जवळपास सगळ्यांकडे आहे. मला तो प्रश्न विचारणाऱ्याकडेही असणार. संशोधकांनी ६,५०,०५८ माणसांच्या नोंदी चाळल्या. त्यांत जुनी कडी फक्त सहा जणांकडे निघाली. ते कोण, कुठले, कळायला मार्ग नाही. अशा नोंदींत नावं ठेवत नाहीत. त्यांच्याशी दोन घटका गप्पा मारायला मला फार आवडलं असतं.