चौदा जागा आणि आपलं मत



आपल्या यवतमाळात निवडणुकांचा इतिहास सांगायचा म्हटला की लोक १९५२ पासून सुरू करतात. मला आणखी पंधरा वर्षं मागे जायचंय. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. म्हणजे मंत्रिमंडळ निवडून आलेल्या विधानसभेला जबाबदार, असा कारभार पहिल्यांदा आला. त्याखालची पहिली निवडणूक १९३७ च्या सुरुवातीला झाली. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं. कागदावर वऱ्हाड निजामाचं, राज्य इंग्रजांचं, विधानसभा नागपूरला. एवढ्या धन्यांत मतदाराला कोण विचारतो!

मत सगळ्यांना नव्हतंच. शेतसारा, कर, शिक्षण अशी काहीतरी पात्रता लागायची. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीन कोटी. शेतमजूर, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया बहुतेक बाहेरच.

आता मुद्द्यावर येतो. विधानसभेच्या ११२ जागा, त्यातल्या १४ मुसलमानांच्या. मतदारसंघही वेगळे. त्या जागांवर उमेदवार मुसलमान आणि मतदारही मुसलमानच. प्रांतात आपण शेकडा पाचसुद्धा नव्हतो, म्हणजे जागा वाट्याच्या अडीचपट मिळाल्या. आजही चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, ‘तेव्हा बरं होतं, आपल्या जागा पक्क्या होत्या.’

मी सॉफ्टवेअरवाला. आकडा दिसला की उलटा करून बघायची खोड आहे. सर्वसाधारण जागा होत्या ८४. तिथल्या एकाही उमेदवाराला आपल्या मोहल्ल्यात यायची गरज नव्हती. पुसदच्या किंवा दारव्ह्याच्या मुसलमानाचं मत त्याच्या पेटीत पडूच शकत नव्हतं. आणि आपल्या उमेदवारालाही शेजारच्या कुणब्याचा, बंजाऱ्याचा प्रश्न कळला नाही तरी चालत होतं.

याचा परिणाम लवकरच दिसला. काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालं. आधी डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, १९३८ मध्ये रविशंकर शुक्ल आले. शुक्लांनी खेड्यांत शाळा काढायची योजना आणली, तिचं नाव ‘विद्यामंदिर’. मुसलमानांनी नावाला हरकत घेतली, उर्दूचं काय होणार असं विचारलं. शाळा हव्याच होत्या, माझ्या मते योजना वाईट नव्हती. नाव बदलणंही काही अवघड नव्हतं. पण ज्यांना ते बदलायचं होतं, त्यांना हरकत घेणाऱ्यांची मतं लागत नव्हती. आपल्या भागातल्या आमदाराला गाठून मिटवता आलं असतं असं भांडण लीगच्या व्यासपीठावर गेलं आणि दोन समाजांचं झालं. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरची राजवट आली, पण कटुता राहिली.

१९५२ ला हे सगळं बदललं. एकच यादी, प्रत्येक प्रौढाला मत. आज दिग्रस, उमरखेडला उभा राहणारा कुठल्याही पक्षाचा असो, त्याला आपली मतं मोजावी लागतात. अट एकच, नाव यादीत पाहिजे. त्या पहिल्या यादीतून देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं.

आपल्याकडे आता घोळ वेगळा आहे. आधारवर ‘शेख रहीम शेख अब्दुल’, यादीत ‘शे. रहीम शे. अ.’, शाळेच्या दाखल्यावर नुसता ‘रहीम’. तुम्हाला तो एकच माणूस वाटतो, कॉम्प्युटरला तिघं. ‘शे.’ म्हणजे शेख हे कुणीतरी सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलींचं तर नाव माहेरच्या यादीत आणि त्या इथे. दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला फॉर्म ८, नव्या नावाला फॉर्म ६. अठरा पूर्ण व्हायला आता फक्त १ जानेवारीच धरत नाहीत. १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या तारखाही चालतात.

मागच्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन बसतो. स्वतःचं नाव नंतर बघू, आधी अम्मीचं आणि भाभीचं शोधू.