कामठीचा वालुकाश्म कोणी रचला?

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभ लाव्हारस थंड होऊन घडले. पण नदीच्या वाळूपासून झालेला प्राचीन खडक पाहायचा तर विदर्भ गाठावा. नागपूरजवळच्या कामठीचे नाव मिळालेला वालुकाश्म सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो नदीनेच रचला असे ठामपणे म्हणता येते. खाणीच्या उभ्या कापात मुख्य थर आडवे दिसतात, पण त्यांच्या पोटात तिरक्या रेघा एकाच बाजूला उतरलेल्या असतात. पाणी तळाची वाळू ढकलत नेते, ती उंचवट्याच्या पुढच्या उतारावर घसरून साचते. म्हणून रेघ उतरते तिकडेच प्रवाह गेला असला पाहिजे.

कुणी म्हणेल, असे तिरके थर वाराही घालतो. आक्षेप रास्त आहे. नुसत्या रेघांवर विसंबू नयेच. पण वारा गारगोटीचे गोटे वाहून नेत नाही. इथे थरांच्या तळाशी गोटे आहेत, खरवडून आलेले चिकणमातीचे तुकडे आहेत, आणि वर जावे तशी वाळू बारीक होते, म्हणजे प्रवाह मंदावत गेला. मग समुद्र का नाही? भरती-ओहोटीत प्रवाह उलटसुलट फिरतो, इथल्या रेघा मात्र एकाच बाजूला उतरतात. शिवाय इथे सागरी शिंपले नाहीत. आहेत ती ग्लॉसोप्टेरिस या जमिनीवरच्या वनस्पतीची पाने. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूर परिसरात अशी जीवाश्मे गोळा केली. त्या बाजूला गेलात, तर तांबूस खडकातल्या रेघा कोणत्या दिशेला उतरतात, तेवढे जरूर पाहा.