एक्स सर्व्हर आणि उणे दहाचा उपाय



लिनक्सवर एखादा मोठा व्हिडिओ रूपांतराला लावला की माउसचा बाण अडखळतो, ओढलेली खिडकी मागे रेंगाळते. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘एक्स सर्व्हरला रीनाइस कर, उणे दहावर ने.’ या सल्ल्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

एक्स, म्हणजे पडद्यावर खिडक्या रेखाटणारी प्रणाली, 1984 साली एमआयटीत जन्मला. ब्राउझर असो वा टर्मिनल, एक्सवर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याकडेच चित्र काढून मागतो. तो थांबला की सगळेच थांबल्यासारखे दिसतात. प्रोसेसरच्या वेळेत कुणाला किती वाटा, हे ठरतं नाइसच्या आकड्यावर. तो उणे 20 पासून 19 पर्यंत असतो; तो बदलणं म्हणजे रीनाइस करणं. आकडा जितका मोठा, तितका प्रोग्रॅम भिडस्त. उणे आकडा द्यायला सहसा रूटचा अधिकार लागतो.

एके काळी डेबियनमध्ये सर्व्हर उणे दहावरच सुरू होई. पण कर्नल 2.6 आला आणि हाच उपाय अंगाशी आला. कुणाला तातडीने वेळ द्यायचा, हे त्यातला नवा शेड्यूलर, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग, स्वतःच अंदाजाने ठरवू लागला होता. त्यात सर्व्हरला वरून वशिला मिळाला, की तो वेळ बळकावून बसे आणि गाणं तुटक वाजे! पुढे कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने, होय, भूल देणाऱ्या डॉक्टरने, समान वाटपाचा शेड्यूलर लिहून दाखवला. 2007 मध्ये इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्यूलर कर्नलमध्ये आला, तो याच विचाराचा. त्यात नाइसची एक पायरी म्हणजे सुमारे सव्वापट वाटा. उणे दहा म्हणजे शून्याच्या नऊपटींहून जास्त.

2011 पासून कर्नलमध्ये ऑटोग्रुपही आहे. तो लागू असेल तर प्रत्येक सत्राचा एक गट होतो आणि नाइस फक्त त्याच सत्रातल्या प्रोग्रॅमांमध्ये चालतो. म्हणजे दुसऱ्या टर्मिनलमधल्या कामापुढे तुमचा उणे दहा जवळजवळ वाया. तिथे अख्ख्या गटाचाच आकडा बदलावा लागतो. आणि मेमरी संपून डिस्कवर अदलाबदल चालली असेल, तर कुठलाही आकडा उपयोगी नाही.

माझं मत विचाराल तर, सर्व्हरला वर चढवू नका, जड कामाला खाली बसवा. रूपांतर नाइस 19 वर लावा; ऑटोग्रुप लागू असेल तर त्याच्या गटालाच तो आकडा द्या. त्याला रूट लागत नाही. आज ‘टॉप’ चालवून ‘एनआय’ हा रकाना पाहा. एक्सपुढे जुन्या सल्ल्यातला उणे आकडा दिसला, तर तो शून्यावर आणा.