काउसग्ग, श्वास आणि पाठीचा कणा



मोंढ्यातील गादीवर वाकून हिशेब लिहिणारे व्यापारी, कपाशी वेचणाऱ्या भगिनी, पोलाद कारखान्यांतील कामगार, या जालना जिल्ह्यात कंबरदुखी कोणालाच अपरिचित नाही. याच दुखण्यामुळे अनेक ज्येष्ठ प्रतिक्रमणातील उभा काउसग्ग सोडून खुर्चीचा आश्रय घेतात. या वेदनेचा श्वासाशी असलेला संबंध मात्र सहसा ध्यानात येत नाही.

छाती आणि उदर यांच्यामध्ये घुमटाकार श्वासपटल असते. त्याचे मागील तंतू कमरेच्या मणक्यांना जोडलेले असतात. श्वास घेताना ते खाली उतरते, उदरातील दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. उभ्या माणसाने हात झटकन उचलला, तर खांद्याच्या स्नायूआधीच श्वासपटल आकुंचन पावते, असे ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. एकच स्नायू श्वासही चालवतो आणि तोलही सांभाळतो. तो थकला की दोन्ही कार्यांची ओढाताण होते.

बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात वारंवार कंबर दुखणाऱ्या २८ व्यक्तींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे पुरेशा अवरोधाविरुद्ध श्वास घेण्याचा सराव करणाऱ्यांचे श्वासस्नायू बळकट झाले, तोल राखताना पाठीकडून येणाऱ्या संवेदनांचा उपयोग वाढला आणि वेदनाही उणावली. अभ्यास लहान आहे, तरी दिशा दाखवणारा आहे.

आपल्या परंपरेने काउसग्गाचे माप श्वासावरच ठरविले: एका लोगस्सचे २५ श्वासोच्छ्वास, तर दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांचे २७. देह स्थिर ठेवण्याची प्रतिज्ञा करतानाही श्वास, खोकला, शिंक आणि भोवळ यांना आगारात सूट दिली आहे. निश्चल उभा देहही श्वासाबरोबर सूक्ष्म हलतच असतो, हे पूर्वसूरींनी जाणले होते.

काउसग्गाचे प्रयोजन देहममत्वाचा त्याग हे आहे. तो औषधोपचार नव्हे. परंतु श्वास रोखून, अंग ताठ करून उभे राहणे हितावह नाही. जिनमुद्रेत पावलांमध्ये पुढे केवळ चार अंगुळे अंतर असल्याने तोलाची कसोटी लागते. म्हणून ज्येष्ठांनी भिंतीजवळ उभे राहावे आणि श्वास सहज चालू द्यावा. पायात बधिरता, अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याची जपणूक विवेकाने व्हावी, हीच मंगल भावना. जय जिनेंद्र!