विज्ञानाच्या जत्रेचे आवतण

काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञानप्रदर्शन भरविण्याचे ठरले आणि प्रसिद्धीचे काम माझ्याकडे आले. मी हौसेने भित्तिपत्रक रंगविले. मध्यभागी अग्निबाण, भोवती अणूची वलये आणि खाली ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’! शिक्षक आले, विद्यार्थी आले. गाव मात्र आले नाही. तंबाखूच्या शेतात मजुरी करणाऱ्या एका मुलीच्या आईला मी कारण विचारले. ती म्हणाली, “गुरुजी, त्ये शिकल्याल्या मानसांचं. आमचं काय काम तितं?” माझ्या चित्राने दार उघडण्याऐवजी लावून घेतले होते.

वास्तविक विज्ञानाची सुरुवात साध्या प्रश्नातून होते. 1921 साली जहाजाने प्रवास करताना चंद्रशेखर वेंकट रमण यांना भूमध्य समुद्राची निळाई दिसली. पाणी निळे का, हा प्रश्न किनाऱ्यावरचे पोरही विचारील. पण त्याचा पाठपुरावा करीत 28 फेब्रुवारी 1928 रोजी ते आपल्या जगप्रसिद्ध शोधापर्यंत पोहोचले. 1987 पासून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला भारत जन विज्ञान जत्था देशाच्या पाच भागांतून निघाला. गाणी आणि पथनाट्ये यांच्या साहाय्याने लोकांच्या दारी विज्ञान नेत तो 7 नोव्हेंबरला, रमण यांच्या जन्मदिनी, भोपाळला पोहोचला. 1984 साली विषारी वायूने ज्या नगरीत हजारोंचे प्राण घेतले, तिथेच त्याची सांगता व्हावी, यात मोठा अर्थ होता.

पुढच्या खेपेस अग्निबाण गेला आणि प्रश्न आले. ‘कुंद्याला तांबूस रंग कशाने येतो?’ ‘तंबाखूच्या धुळीने शिंक का येते?’ मराठी वर की कानडी वर, असा वाद निघालाच. तेव्हा एक मोठे प्रश्नचिन्ह मधोमध काढून दोन्ही भाषा दोन बाजूंना सारख्याच अक्षरांत लिहिल्या. ते चिन्ह दोन्ही लिप्यांत एकच. ‘विज्ञान’ हा शब्दही दोघींचा, आणि आपल्या जत्रेला कानडीत ‘जात्रे’ म्हणतात. नाव ठरले, ‘विज्ञान जत्रा’.

या वेळी ती माउली आली. आणि प्रश्न स्वतःचाच घेऊन आली. दव पडलेल्या सकाळी तंबाखूचे शेंडे खुडले की गरगरते आणि मळमळते, ते का? ओल्या पानांतील निकोटिन कातडीतून अंगात भिनते, हे मुलांनी तिला समजावून दिले. दव सुकू द्यावे, हात झाकावेत आणि काम संपताच साबणाने धुवावेत, हेही सांगितले. इतकी वर्षे ती याला पित्त समजत होती.

श्रोतेहो, जाहिरात म्हणजे दिलेला शब्द. बाहेर प्रश्न टांगला, तर आत उत्तर मिळालेच पाहिजे. बोधचिन्ह सुबक असावे, रंग उठावदार असावेत. पण ज्याला बोलवायचे, त्याचा प्रश्न त्या कागदावर नसेल, तर ते आवतण त्याच्या घरी पोहोचलेच नाही, असे समजावे.