मोबाईलला नेमकं काय विचारायचं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या चौघीजणींचं सोयाबीन महिन्याच्या आतच पिवळं पडलं. आम्ही मोबाईल काढला आणि लिहिलं, ‘सोयाबीन पिवळं पडलं औषध’. औषध मागितलं, तर त्यानं औषधंच दाखवली! वरच्या जाहिरातींवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते कुणी वाचलंच नाही. दोघींनी गटातून उचल घेऊन पांढऱ्या माशीची फवारणी केली. पैसे गेले, रान पिवळंच राहिलं.

उरलेल्या दोघींनी जरा दम धरला. एकीची कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, “मावशी, आधी पान बघा, मग लिहा.” बांधावर जाऊन पाहिलं. शेंड्याकडची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मग जे दिसलं तेच लिहिलं, ‘सोयाबीन नवीन पाने पिवळी शिरा हिरव्या’. औषधाचं नावही काढलं नाही. आता उत्तर आलं लोहाच्या कमतरतेचं. चुनखडीच्या जमिनीत, त्यातही पाणी साचलं की, मुळांना लोह घेता येत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं. पांढऱ्या माशीमुळं पसरतो तो पिवळा मोझॅक वेगळा. त्यात पानावर पिवळे-हिरवे चट्टे मिसळलेले दिसतात, आणि तसं झाड दिसताच उपटून नष्ट करावं लागतं.

दुखण्याचं नाव कळलं की पुढचा शोध सोपा. आम्ही त्यापुढं ‘परभणी कृषी विद्यापीठ’ जोडलं, म्हणजे आपल्याच मातीची माहिती वर आली. एक लक्षात ठेवा, २०१३ साली या विद्यापीठाच्या नावाला वसंतराव नाईकांचं नाव जोडलं गेलं. त्याआधीची माहिती हवी असेल तर नुसतं ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ लिहून पाहा. शेवटी ती पानं कृषी सहायकांना नेऊन दाखवली. मोबाईलला काही पान हातात घेऊन बघता येत नाही.

सातबाऱ्याचंही तसंच. नुसतं ‘सातबारा’ लिहिलं की खासगी पानांची रांग लागते. ‘महाभूलेख’ लिहा, आणि पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघूनच आत जा. योजनेची माहिती शोधताना चालू वर्ष जोडा, नाहीतर संपलेल्या मुदतीचे फॉर्म हाती येतात. बोलून विचारत असाल तर यंत्रानं काय लिहून घेतलं ते आधी वाचा. आमच्यातल्या एकीनं ‘तूर’ म्हटलं, त्यानं ‘दूर’ लिहिलं!

एक गोष्ट मात्र मोबाईलवर शोधायचीच नाही, ती म्हणजे बँकेचा किंवा गॅसचा फोन नंबर. तिथं ठग आपलेच नंबर टाकून ठेवतात. नंबर पासबुकावर असतो, गॅसच्या पुस्तकावर असतो, तिथूनच घ्या. आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. त्याच घटकेला १९३० वर फोन करा.