पहिल्या महिन्याचा प्रश्न



१९८२ च्या गिरणी संपात माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि फुकट वाचनालयात झाले. अशा माणसाने गर्भाच्या मज्जारज्जूवर बोलावे हे धाडसच. पण या विषयाचा धागा गिरणीतूनच निघतो, म्हणून उभा राहिलो आहे.

आमच्या एका कामगार भगिनीचे मूल पाठीच्या कण्यात फट घेऊन जन्मले. पायांत बळ नाही, लघवीवर ताबा नाही. तिने मला विचारले, "दादा, ग्रहणात मी विळी हातात धरली, म्हणून का हो?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते मी शोधू लागलो.

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणी जीवघेणा पांडुरोग होई. बाईंना कारण सापडले ते ताटात: भाजी, फळे, दूध यांची वाण. त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला, आणि बायका सुधारल्या. १९३१ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे १९४१ साली तसले द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात, म्हणून हे फोलिक अ‍ॅसिड.

आता गर्भाकडे वळू. त्याच्या पाठीवर आरंभी एक पन्हळ असते. तिच्या कडा मिटून नळी होते. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत हे काम आटोपते. खाली उघडी राहिली तर त्या भगिनीच्या मुलासारखी गत. वर राहिली तर मेंदू नि कवटीच पुरी होत नाही, आणि ते मूल जगत नाही.

पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांवर सात देशांत प्रयोग झाला. १९९१ साली निकाल आला. १,१९५ गर्भारपणांत २७ बालके सदोष निघाली. फोलिक घेणाऱ्यांची ६, न घेणाऱ्यांची २१. दोन्ही गट जवळजवळ सारखेच होते. सारेच टळते असे नव्हे, पण पुष्कळसे टळते. ग्रहणाचा आणि विळीचा यात काही संबंध नाही, हे मी त्या भगिनीला घरी जाऊन, सासूच्या देखत सांगितले.

मूल हवे असेल तर गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून तिसरा महिना सरेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आधी असे मूल झालेले असेल, मधुमेह असेल किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर मात्रा मोठी लागते. ती डॉक्टरच ठरवतील. पालेभाजी, कडधान्ये खावीतच, पण त्यांवरच विसंबू नये.

मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. तेव्हापासून कामगार चळवळ भांडली ती प्रसूतीच्या आगल्यामागल्या आठवड्यांसाठी. पहिल्या महिन्याकडे आमचे लक्षच नव्हते. पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन बाई दवाखान्यात नाव घालते, तोवर ती नळी मिटलेली तरी असते, नाहीतर उघडी राहिलेली.

यंदाच्या मागणीपत्रात मी एक कलम घातले: मूल हवे असलेल्या प्रत्येक कामगार स्त्रीला मागेल तेव्हा ही गोळी मिळावी. मालकांच्या प्रतिनिधीने विचारले, "गरोदर नसलेल्या बाईला गोळी कशाला?" मला राग आला नाही. आदल्याच रात्री आमच्या कमिटीतही हाच प्रश्न निघाला होता, आणि तो विचारणारे सगळे पुरुष होते.